चतुराबाईची कानाची बाटली

डोंगरकडा गावच्या चतुराबाईचं नाव ठेवताना तिच्या आत्यानं फारसा विचार केला नसावा, पण नाव असं लागू पडलं की पुढं आत्यालाच पस्तावा झाला. पाळण्यातून उतरली तशी ही पोरगी लोकांना फसवू लागली, आणि फसलेला माणूस हसेपर्यंत तिला चैन पडत नसे. तो हसला नाही, तर ती त्याला पुन्हा फसवी.

लग्नात बायकांनी उखाणा घ्यायला लावला. नवरी लाजेल, पदर चावेल, मग दहादा आग्रह करावा लागेल असा सगळ्यांचा अंदाज. हिनं ठसक्यात मान वर केली आणि म्हणाली, ‘बांधावरच्या बोरीला बोरं आली पिवळी, पवळ्याचं नाव घेते, शिंगं त्याची कोवळी.’ पवळ्या हा नवऱ्याच्या जोडीतला डावा बैल. मांडव हसून हसून आडवा झाला. एकटा नवरदेव सोनाजी तेवढा गंभीर बसला होता. तो म्हणाला, “कोवळी न्हाईत. बैल जून हाये.”

झालं. त्या दिवसापासून चतुराबाईच्या आयुष्याला एकच ध्यास लागला, या माणसाला एकदा हसवायचं. पोरंबाळं झाली, सासू गेली, धाकटा दीर दगडोबा याचं लग्न होऊन सखुबाई जाऊ म्हणून घरात आली, चतुराबाईच्या केसांत चांदी दिसू लागली. सोनाजी काही हसला नाही. त्याच्या धोतरात तिनं खाजकुयली घातली, तर तो शांतपणे धोतर बदलून शेतावर गेला.

माणूस मात्र सोन्यासारखा. खोटं म्हणून त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. निजामाच्या राज्यात असा माणूस सुखानं कसा राहिला याचं पटवाऱ्याला सुद्धा कोडं पडे. त्याची दोन गोष्टींसाठी गावात मोठी किंमत होती. एक म्हणजे पाण्याचा उतार. कुणाच्या शेतात पाणी तुंबलं की लोक सोनाजीला बोलावत. तो डोळे बारीक करून बघे, काठीनं रेघ ओढे, आणि पाणी त्या रेघेवरून निमूट चालू लागे. दुसरी गोष्ट हळदीचं बेणं. त्याची आई मंजुळाबाई हिनं माहेरून पदरात बांधून आणलेली हळद त्या घरात वाढली होती, आणि गावातली निम्मी घरं लागवडीला बेणं तिथूनच नेत. आईनं मरताना त्याला एवढंच सांगितलं होतं, “सोनाजी, बेणं झाकून देऊ नको. रास समदी उघडी कर, मंग म्हण, घ्या.”

तेव्हापासून दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाखालची बेण्याची रास पाला बाजूला करून पार तळापर्यंत मोकळी होई. घरातली थोरली सून राशीची पूजा करी. मग ज्यानं त्यानं आपल्या हातानं, हवं तिथून, हवं ते बेणं वेचून न्यावं, ही त्या घराची रीत. पूजेचं ताट चतुराबाईच्या हातात असे, आणि एरवी खोड्यांशिवाय काही न सुचणारी ही बाई त्या घटकेला देवळातल्या पुजाऱ्यासारखी सोवळी होऊन उभी राही.

तर सदतीस सालच्या पावसाळ्यात चतुराबाईचा उजवा कान फुटला. लसणाचं तेल झालं, रुईच्या पानाचा रस झाला, सखुबाईनं मीठमोहऱ्या उतरवल्या. कान वाहतच राहिला. हिवाळ्यात सोनाजीची गाडी हिंगोलीला निघाली तेव्हा तीही पोत्यांवर चढून बसली. तिथल्या दवाखान्यात राधाकृष्ण नावाचा कंपौंडर होता, गोरापान, बोलघेवडा. त्यानं तिला तपकिरी काचेची बाटली दिली आणि सांगितलं, “बाई, हे कानात घातलं की फेस येईल. घाबरू नका. घाण बाहेर पडते.”

“आन् आमच्या जावंच्या तोंडात घातलं तं?” चतुराबाईनं विचारलं.

कंपौंडर इतका हसला की आतून डॉक्टरांनी हाक मारली. चतुराबाईला तो माणूस फार आवडला.

एका सकाळी ती चुलीपुढं मान वाकडी करून कानात दवा घालत होती. शेजारी सखुबाई मुळा चिरत होती. हात हलला, चार थेंब चिरलेल्या मुळ्यावर पडले, आणि मुळा फसफसला! पांढरा फेस धरून ताटलीत चरचरू लागला. सखुबाई विळी टाकून अंगणात पळाली.

“पिसाळला! आवं, मुळा पिसाळला!”

पिसाळलेलं कुत्रं साऱ्यांनी पाहिलं होतं. पिसाळलेला मुळा पहिल्यांदाच. दगडोबा काठी घेऊन धावत आला, तोवर चतुराबाईनं आणखी दोन थेंब टाकून पाहिले होते. पुन्हा फेस. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून शहाण्या माणसानं तेव्हाच गाव सोडायला हवं होतं.

मग काय विचारता! कान बाजूला राहिला आणि बाटली घरभर फिरू लागली. गाजर फसफसलं. बटाटा फसफसला. ओली हळद तर मस्तच फसफसली. भाकरीला काही झालं नाही, उकडलेल्या बटाट्यालाही नाही. कच्चा मुळा फेस धरी, तोच वाफवला की मुकाट बसे. आणि आणखी एक गंमत तिनं हेरली: जून, दडस मुळ्याला फेस येई तो आळसावलेला, पण कोवळ्या मुळाच्या शेंड्याला, जिथून ते मातीत पुढं सरकत असतं तिथं थेंब पडला, की नुसती धांदल उडे.

बाटली सरली तेव्हा माघातल्या फेरीला तिनं कंपौंडरलाच गाठलं. कान दाखवायच्या आधी पदरातून मुळे काढून टेबलावर मांडले.

राधाकृष्णानं आधी कपाळाला हात लावला, मग खुर्ची पुढं ओढली. त्यालाही असल्या गोष्टींचा नाद होता, फक्त विचारणारं कुणी भेटत नव्हतं. “हे बघा बाई,” तो म्हणाला, “मूळ वाढतं म्हणजे काय होतं? त्याच्या शेंड्याला बारीक बारीक पेशी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोठड्या समजा. त्या सारख्या नव्या होतात, श्वास घेतात, राबतात. आणि जो राबतो त्याच्या पोटात थोडं विष तयार होतंच. ते साचलं तर पेशी मरेल. म्हणून प्रत्येक कोठडीत एक रस असतो. त्याचं काम एकच, ते विष फोडून त्याचं पाणी आणि हवा करायची. वाढ जास्त तिथं काम जास्त, म्हणून तो रसही जास्त.”

“आन् ह्या बाटलीत काय हाये?”

“तेच विष. पातळ केलेलं. तुम्ही वरून टाकता, आतला रस त्याच्यावर तुटून पडतो, हवा सुटते, आणि तुम्हाला फेस दिसतो.”

“मंग शिजवल्यावर काहून गप बसतो?”

“उष्णता लागली की तो रस मरतो. दिसायला सगळं जागच्या जागी, पण काम करणारा गेलेला.”

चतुराबाईनं एक मुळा उचलून उलटसुलट पाहिला. “म्हंजे घरातली सूनच की ती,” ती म्हणाली. “समद्यांचं विष गिळायचं आन् वर फेसावानी हसायचं.” राधाकृष्णाला हे इतकं पटलं की त्यानं एक बाटली जास्तीची दिली.

ती जास्तीची बाटली उकंडरावाच्या नशिबी लिहिलेली होती.

उकंडराव हा गावातला खातापिता माणूस, मिशा मोठ्या आणि बाता त्याहून मोठ्या. तरणेपणी आपण बिबट्याला शेपटीला धरून गरगर फिरवला, ही त्याची आवडती गोष्ट. बिबट्या दरवर्षी वाढत होता; ती गोष्ट सुरू झाली तेव्हा तो मांजराहून थोडा मोठा असावा असं जुनी माणसं सांगत. सोनाजीबद्दल मात्र उकंडरावाच्या पोटात दुखे. लोक उतार विचारायला जातात, बेणं मागायला जातात, आणि आपल्याकडं नुसता बिबट्या ऐकायला येतात, हे त्याला सलत होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी चतुराबाई वडाखाली परात घेऊन बसली. परातीत मुळ्याच्या चकत्या. “खोटं वळखायची दवाई आलीया हिंगोलीहून,” तिनं पुकारा केला. “हातात मुळा घ्या, बोला. खरं असंल तं मुळा गप. खोटं असंल तं मुळा फेसाळंल.”

पहिली आली भिकाबाई, गावची सुईण. तिनं चकती तळहातावर घेतली. “मी भिकाबाई हाये,” म्हणाली. थेंब पडला. मुळा गप. आणखी दोघंतिघं खरं बोलले, मुळा गप. लोक जमले. उकंडराव कोपरानं वाट काढत पुढं आला, आणि असल्या माणसाला पुढं यायचं आमंत्रण लागतच नाही.

“भाऊजी, तुमची ती बिबट्याची गोष्ट सांगा की,” चतुराबाई गोड आवाजात म्हणाली आणि परातीच्या दुसऱ्या काठावरची चकती तिनं त्याच्या हातावर ठेवली. बाकीच्या चकत्या सकाळी वाफवलेल्या होत्या. ही एक कच्ची होती, कोवळ्या शेंड्याची.

उकंडरावानं मिशीला पीळ दिला. “तवा मी असा उभा. समोरून बिबट्या...”

थेंब पडला. मुळा नुसता फेसाळला नाही, खवळला. फेस बोटांच्या फटींतून खाली गळू लागला. बाजार असा हसला की उभ्या गाड्यांचे बैल दचकले. उकंडराव हात झटकत गेला, पण गोष्ट तिथं संपली नाही. त्यानंतर त्यानं कुठंही तोंड उघडलं की मागून कुणीतरी विचारी, “फेस आला का?” चावडीवर, देवळात, एकदा तर त्याच्या सख्ख्या जावयानं पंगतीत विचारलं.

सोनाजीला हे घरी कळलं. तो जेवता जेवता म्हणाला, “मुळा वाया गेला.” चतुराबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

शिमग्यापर्यंत तिचा कान कोरडा ठणठणीत झाला. बाटली मात्र कोनाड्यात राहिली, न जाणो कधी कुणाला गरज पडेल म्हणून.

त्या वर्षी हळद शिजवायची पाळी फार उशिरा आली. गावात मोठी कढई एकच, ती या मळ्यातून त्या मळ्यात फिरे, आणि सोनाजीकडं येता येता चैत्र सरत आला. बेणं आधीच निवडून लिंबाखालच्या उथळ खड्ड्यात रचून पाल्यानं झाकलं होतं. कढई पलीकडंच लागली. शिजलेल्या हळदीचं ऊन पाणी एरवी ज्या चरानं जाई तो चर सखुबाईच्या कांद्याच्या वाफ्यावरून जात होता, आणि ती कुरकुर करू लागली. सोनाजीनं डोळे बारीक केले, काठीनं नवी रेघ ओढली. “हिकडून जाऊ द्या पाणी,” म्हणाला. सोनाजीनं सांगितलं म्हटल्यावर कोण कशाला पाहतंय! दिवसभर कढई उतरत राहिली, वाफेनं अंगण भरून गेलं, आणि पिवळं पाणी नव्या चरातून धावत राहिलं.

आखितीच्या आदल्या दुपारी चतुराबाईला लहर आली. हळदीच्या डोळ्याशी मुळं फुटू लागली असतील, त्यांच्यावर थेंब टाकून सखुबाईला सांगावं की हळद पिसाळली. तिनं राशीच्या बुडातून एक गड्डा ओढला, मोडला, बाटली वाकडी केली.

काहीच झालं नाही.

तिनं दुसरा काढला. मुकाट. तिसरा. मुकाट. दवा शिळी झाली असेल म्हणून वरच्या थरातला एक मोडला, तर तो खुशाल फसफसला. चतुराबाईचं हसू ओसरलं. हातातला खालचा गड्डा तिनं निरखून पाहिला. शिजला म्हणावा तर शिजलेला नाही, कच्चा म्हणावा तर कच्चा नाही. डोळे शाबूत, साल ताठ. दिसायला सगळं जागच्या जागी, पण काम करणारा गेलेला. तिनं बुडाचा पाला उचलला. खालची माती पिवळी होती.

सोनाजी गोठ्यात होता. तिनं सांगितलं तेव्हा तो वैरण टाकतच राहिला. “तुझ्या कानाच्या दवाईनं मला बेणं शिकवून राहिली का?”

“सासूबाईंची आन.”

सोनाजीचा हात थांबला. सासूची आण चतुराबाईनं खोड्यांत कधी घेतली नव्हती. तो लिंबाखाली आला, चरावर उभा राहिला, डोळे बारीक केले. आपण ओढलेली रेघ त्यानं पाहिली. ती खड्ड्याला वळसा घालून जायला हवी होती. ती खड्ड्यातच उतरत होती. साऱ्या गावाच्या पाण्याला वाट दाखवणारा माणूस तिथंच मातीत खाली बसला.

“वरचं बेणं जितं हाये,” चतुराबाई म्हणाली. “वरचंच देऊ. खालचं राहू द्या झाकून.”

“आईनं सांगितलं व्हतं, झाकून न्हाई द्यायचं.”

“मंग काय करता?”

“रास उघडी करतो. समद्यांपुढं सांगतो, माझ्या हातानं बेणं मेलं.”

त्या रात्री तो जेवला नाही. चतुराबाईला त्याची अशी माया कधी दाटून आली नव्हती. खोटं बोलता येत नाही, हसता येत नाही, रडताही येत नाही, अशा माणसानं उद्या उकंडरावापुढं मान खाली घालून उभं राहायचं, हे तिला पाहवणार नव्हतं. गाव त्याला माफ करील, हे तिला माहीत होतं. तो स्वतःला करणार नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गाव लिंबाखाली जमलं. टोपल्या, नारळ, कुंकू. चतुराबाईनं पूजा केली. दगडोबानं पाला बाजूला करून रास तळापर्यंत मोकळी केली. सोनाजी पुढं झाला.

“ऐका,” तो म्हणाला. “मला एक...”

“आधी माझं ऐका!” मागून आवाज आला. उकंडराव गर्दी फोडून पुढं आला, आणि त्याच्या हातात, काय सांगू तुम्हाला, तपकिरी काचेची बाटली होती!

“हिंगोलीला जाऊन आलो मी,” तो गरजला. “कंपौंडरनं समदं सांगितलं मला हसत हसत. ही खऱ्याखोट्याची दवाई न्हाई. ही कान धुवायची दवाई! कच्च्या मुळ्याला फेस येतो, शिजलेल्याला न्हाई. एवढीच हिची जादू. मला कच्चा मुळा देऊन भर बाजारात इज्जत घेतली माझी. आता बघा. ही हळद कच्ची. मी एक अक्षर खोटं बोलत न्हाई, तरी हिला फेस येनार!”

आणि चांगला माल तळाशी असतो, ही त्याची जन्माची समजूत. त्यानं राशीच्या अगदी बुडातून जाडजूड गड्डा ओढून काढला, मोडला, बाटली उपडी केली.

फेस आला नाही.

त्यानं आणखी ओतलं. दवा हळदीवरून ओघळून त्याच्या कोपरापर्यंत आली. गड्डा मुकाट. गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, “शिजलेल्याला न्हाई येत म्हनले ना हे?” मग दुसरं, “म्हंजे बेणं शिजलंय का काय?” साऱ्या माना हळूहळू सोनाजीकडं वळल्या. उकंडरावाच्या ध्यानात थोडं उशिरा आलं, पण आलं, आणि त्याच्या मिशीखाली हसू फुटू लागलं. सोनाजीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात चतुराबाई खदाखदा हसली.

“फसले! भाऊजी पुन्हा फसले!” टाळ्या पिटत ती मधेच आली. “तुमी बाटली आणल्याची खबर मला कवाच लागली व्हती. तुमी बुडातलंच उचलनार हेबी ठाव व्हतं. म्हून कढई चालली तवा खालचा थर वाफवून ठेवला मी. तुमच्यासाठीच! आता वरचं बघा.” तिनं वरचा एक गड्डा मोडला, उकंडरावाच्याच हातातली बाटली घेतली, आणि हळद फसफसून हसली.

आधी भिकाबाईनं पदर तोंडात कोंबला, आणि तिच्यामागून सगळं अंगण फुटलं. “फेस आला न्हाई!” कुणीतरी ओरडलं. उकंडरावाला आता फेस आला तरी हसत आणि न आला तरी हसत. शेवटी तोही बिचारा बाटलीकडं पाहून हसला. दुसरं करण्यासारखं उरलंच नव्हतं. वरच्या थराचं बेणं सगळ्यांनी टोपल्यांत भरून नेलं, प्रत्येकानं आपला एक गड्डा उकंडरावाच्या बाटलीनं पारखून. घरच्या लागवडीला तळाचा पिवळा चिखल तेवढा उरला.

हसणं ओसरल्यावर हिशेब सुरू झाला. सखुबाईनं कमरेला पदर खोचला. “मस्करीपायी निम्मी रास शिजवली? सासूबाईंचं बेणं? उद्या दागिने इकून भवरा घ्याल खेळायला!” दगडोबानं तोंड फिरवलं. भिकाबाई, जी एवढा वेळ हसत होती, तिनंही मान हलवली. अति तिथं माती, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याच दिवशी घरात ठरलं की चतुराबाईनं बेण्याला पुन्हा हात लावायचा नाही, आणि पुढल्या आखितीला पूजेचं ताट सखुबाईनं धरायचं. हे मात्र तिला लागलं. ती भांडी घासायला बसली आणि एकच तांब्या फार वेळ घासत राहिली.

सोनाजी विहिरीजवळ तिला गाठून म्हणाला, “मी उद्या पारावर खरं सांगतो.”

“सांगा की,” ती म्हणाली. “कोन ऐकतंय ते बघा.”

तो खरंच गेला. पारावर उभा राहून त्यानं चर, उतार, वाफ, सगळं सांगितलं, आपली चूक होती म्हणून सांगितलं. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं. मग एक म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बायकोला पाठीशी घालावं तं असं घालावं.” सोनाजीच्या हातून पाण्याचा उतार चुकला, यावर कुणाचा विश्वासच बसेना. जन्मभर खरं बोललेल्या माणसानं एकदा मनापासून खरं सांगितलं, आणि गावानं ते प्रेमानं खोटं ठरवलं. तो चिडला. पुन्हा सांगितलं. लोक म्हणाले, मोठं मन लागतं याला. वर्षभर तो भेटेल त्याला सांगत होता, आणि दर खेपेला त्याची कीर्ती वाढतच होती.

वर्ष फिरलं. उसनवारीच्या बेण्यावर का होईना, हळद पिकली, रास रचली, आखिती आली. लिंबाखाली पुन्हा टोपल्या जमल्या. सखुबाई नवं लुगडं नेसून ताट घेऊन निघाली. चतुराबाई मागं, गोठ्याच्या दाराशी, उगाच गाईच्या मानेवर हात फिरवत उभी होती.

सोनाजी आडवा झाला. त्यानं सखुबाईच्या हातातून ताट घेतलं, गोठ्यापर्यंत चालत गेला आणि चतुराबाईच्या पुढं धरलं. मग इकडं तिकडं पाहून, सारं गाव बघतंय म्हणून आणखीच लाजून, तिच्या उजव्या कानाशी वाकला. “तू माझी इज्जत राखली,” तो हळूच म्हणाला.

“आं?” चतुराबाईनं कानाला हात लावला. “काय म्हनलात?”

“तू माझी इज्जत राखली म्हनतो.”

“ह्या कानानं न्हाई ऐकू येत. फुटलेला कान हाये, ठाव न्हाई का तुमाला? मोठ्यानं बोला.”

सोनाजीनं छाती भरून घेतली. “म्या बेणं मारलं आन् तू माझी इज्जत राखली!” तो असा ओरडला की लिंबावरचे कावळे उडाले. “तुझ्यावानी बायको साऱ्या तालुक्यात न्हाई!”

बायकांनी पदर तोंडाला लावले. उकंडराव टोपली खाली ठेवून बघत राहिला. सखुबाईनं एकदा जावेकडं पाहिलं, एकदा तिच्या कानाकडं, आणि न राहवून म्हणाली, “अवो दादा, जाऊबाईंचा कान तं मागल्या सालच्या शिमग्यालाच बरा झालाय की!”

सोनाजी चतुराबाईकडं पाहत राहिला. ती अगदी निरागस चेहरा करून ताटातली फुलं नीट करत होती. आधी त्याचे खांदे हलले. मग पोट हललं. मग लिंबाच्या बुंध्याला धरून सोनाजी हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि चतुराबाई ताट सावरत राशीकडं पूजेला निघाली.